फोटो क्रमांक सात

शनिवारी दुपारी यशोधरा अकरावीच्या चाचणीचे पेपर तपासत होती, तेव्हा न्यूझीलंडच्या व्हिसा कार्यालयाचं पत्र ईमेलवर आलं. पत्र सभ्य होतं. 'आपण यापूर्वी आमच्या देशात कधीही आला नाहीत, असं अर्जात म्हटलं आहे. मात्र पुरावा म्हणून जोडलेल्या फोटो क्रमांक सातमध्ये आपण व आपले पती आमच्या दक्षिण बेटावरील एका तळ्याच्या काठी उभे दिसता. या प्रवासाची आमच्याकडे नोंद नाही. चौदा दिवसांत खुलासा करावा.'

तिनं पत्र तीनदा वाचलं आणि लाल पेनाला टोपण लावलं.

"अहो," ती म्हणाली, "आपण न्यूझीलंडला कधी गेलो होतो?"

भीमराज रात्रपाळी करून येऊन पंख्याखाली आडवा झाला होता. डोळे न उघडता म्हणाला, "जायचंय ना अजून."

"त्यांचं म्हणणं आहे, आपण जाऊन आलोय."

"मग बरंय. जायचं वाचलं."

यशोधरानं फोन त्याच्या तोंडासमोर धरला. त्यानं एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि उठून बसला.

भीमराज नागापूरच्या एमआयडीसीत दुधाच्या स्टीलच्या टाक्या वेल्ड करायचा. अकरा वर्षं तो हेच करत होता, आणि त्याचा जोड बोटानं चाचपूनही सापडत नसे. न्यूझीलंडमध्ये माणसांपेक्षा गाई जास्त आहेत, म्हणजे टाक्याही पुष्कळ लागतात. तिथल्या एका कारखान्यानं व्हिडिओवर त्याची चाचणी घेतली आणि तीन वर्षांचं काम देऊ केलं. त्याचा व्हिसा आलाही. राहिला होता यशोधराचा.

कुशल कामगाराला बायको बरोबर नेता येते, पण ती बायको आहे हे दाखवावं लागतं. लग्नाचा दाखला त्यांनी जोडला होता. दाखल्यानं लग्न झालं एवढंच कळतं. नातं खरं आहे आणि टिकून आहे, हे कळत नाही. त्यासाठी एकत्र आयुष्याचे पुरावे हवेत, त्यांत फोटो हवेत, असं यादीत लिहिलं होतं.

इथंच पंचाईत झाली होती. भीमराजच्या फोनमध्ये दोन हजार तीनशे फोटो होते. त्यांतले एकोणीसशे वेल्डिंगच्या जोडांचे. उरलेल्यांत जयंतीची मिरवणूक होती, मित्र होते, कंपनीतला आयुधपूजेचा फोटो होता. यशोधराच्या फोनमध्ये फळ्यावरच्या आकृत्या होत्या. घरच्या कार्यांत पुरुष मांडवात आणि बायका आत, त्यामुळे चार वर्षांत दोघं एका चौकटीत आलेला एकच फोटो सापडला. त्यात दोघांच्या मध्ये सोळा माणसं होती.

म्हणून लग्नाचा अल्बम काढला. त्यातही स्टेजवरच्या फोटोंत पाहुण्यांच्या पाठी होत्या आणि नवरानवरी कुठंतरी त्यांच्या मागं असावीत, असा अंदाज करावा लागत होता. फोटो क्रमांक सात मात्र स्वच्छ होता. पांढऱ्या साडीत यशोधरा, करड्या कोटात भीमराज. तो तिच्या बाजूला किंचित झुकलेला, आणि त्याचा हात तिच्या खांद्यावर. तो हात बघूनच तिनं हा फोटो निवडला होता. मागं निळं तळं आहे, बर्फाचा डोंगर आहे, हे तिनं पाहिलं होतं आणि पाहिलं नव्हतं. लग्नाच्या अल्बममध्ये मागं काय आहे ते आपल्याकडे कुणी बघत नाही. मागं बर्फ असतो, किल्ला असतो, एखाद्या वेळी आयफेल टॉवर असतो आणि पुढं मामा असतात.

"सांग की त्यांना, ते कॉम्प्युटरवर केलंय म्हणून," भीमराज म्हणाला.

"सांगते. पण विश्वास नाही बसला तर? खोटी माहिती दिली म्हणतील. माझा अर्ज तर जाईलच, तुमच्याही व्हिसाला धक्का लागेल."

"म्हणजे मी एकटाच जायचं तीन वर्षं?"

"किंवा तुम्हीही नाही."

भीमराज परत आडवा झाला, पण झोपला नाही.

यशोधरा कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवत असे. तिनं फोटो मोठा करून पाहिला आणि दोन पानांचा खुलासा लिहिला, बाण काढलेल्या आकृतीसह. चार दिवसांनी उत्तर आलं. खुलासा वाचनीय आहे, असं त्यात म्हटलं होतं. तरी मूळ, बदल न केलेला फोटो आणि फोटोग्राफरचं लेखी निवेदन दहा दिवसांत जोडावं.

फोटोग्राफर सहादेव पाथर्डीला होता. यशोधराचं माहेर तिकडचं, लग्न तिकडच्याच मंगल कार्यालयात झालेलं. रविवारी दोघं मोटरसायकलवरून साठ किलोमीटर गेले. स्टुडिओच्या काचेत फोटो क्रमांक सात दाराएवढा करून लावला होता. खाली लिहिलं होतं, 'देश-विदेशातील लोकेशन'.

"यावा वहिनी," सहादेव म्हणाला. "तुमच्या फोटूनं लई काम आनलं मला. तीन लग्नं निस्ती ह्या तळ्यावर झाली."

यशोधरानं पत्रातला मजकूर मराठीत सांगितला. सहादेवच्या चेहऱ्यावर काळजी येईल असं तिला वाटलं होतं. समाधान आलं.

"म्हंजे तिथल्या मान्सालाबी कळलं न्हाई?"

"नाही."

"तिथंच ऱ्हानाऱ्या?"

"सहादेवभाऊ, आमचा व्हिसा अडलाय."

"त्ये हाय. पर काम बघा की."

"बघितलंय काम," यशोधरा म्हणाली. साठ किलोमीटरचं ऊन तिच्या आवाजात होतं. "झाडाची सावली उजवीकडं पडलीय, म्हणजे ऊन डावीकडून. आमच्या नाकांच्या सावल्या डावीकडं. आणि पाण्यात यांचा कोट बघा. काठावर कोटाचं फूल या बाजूला, पाण्यात त्या बाजूला. पाण्यात माणूस उलटा दिसतो, त्याचं फूल खिसा बदलत नाही. तुम्ही फोटो उलटवायच्या ऐवजी गर्रकन फिरवलाय."

सहादेव काचेपाशी गेला. बराच वेळ तिथंच उभा राहिला. एक गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोसाठी आलं, त्याला त्यानं बसायला सांगितलं नाही.

"चार वर्षं लावलाय हितं," तो शेवटी म्हणाला. "एकानं चूक काढली न्हाई."

"त्या व्हिसावाल्यांनी पण नाही काढली," भीमराज समजुतीनं म्हणाला.

निवेदन लिहायला सहादेव तयार झाला, पण स्वतःच्या छापील कागदावर. 'मी लिहून देतो की सदर जोडपे न्यूझीलंडला गेलेले नाही व मीही गेलेलो नाही,' असं त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं. त्याच्या वर निळ्या शाईत छापलेलं होतं, 'देश-विदेशातील लोकेशनवर आऊटडोअर शूटिंग'.

"साध्या कागदावर द्या," यशोधरा म्हणाली.

"साध्या कागदाला कोन इचारतं वहिनी?"

"वर म्हणताय परदेशात फोटो काढतो, खाली म्हणताय कधी गेलो नाही."

"वरचं जाहिरातीचं हाय. खालचं खरं."

"हे त्यांना कोण सांगणार?"

साध्या कागदावर पुन्हा लिहून झालं. त्यावर सहादेवनं शिक्का मारला. शिक्क्यातही 'देश-विदेश' होतं. तिसरा कागद नुसत्या सहीचा झाला.

मूळ फोटो मिळेल याची आशा कुणालाच नव्हती. सहादेव मागच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर झटकून चालू करायला गेला. तो चालू व्हायला एवढा वेळ लागला, की तेवढ्यात पासपोर्टवालं गिऱ्हाईक दुसरीकडं फोटो काढून घरी गेलं असेल. पण फोटो निघाला. निळा पडदा. पडद्याच्या कडेला जनरेटरचं चाक. डावीकडं यशोधरा, उजवीकडं भीमराज, आणि दोघांच्या बरोबर मध्ये, काखेत पर्स धरून, भागिरथीबाई.

भागिरथीबाई म्हणजे भीमराजची आई.

"ह्या हुत्या व्हय," सहादेव म्हणाला. "इसरलोच. ह्यांना काढलं आन् तुमाला सरकवलं जवळ."

"का काढलं?" भीमराजनं विचारलं.

"न्यूझीलंडला जोडप्याच्या संगं आई कशाला?"

यशोधरा पडद्याकडं बघत होती. फोटोतली यशोधरा चौकटीच्या बाहेर, डावीकडं कुठंतरी बघत होती. भीमराज आईकडं झुकला होता.

"हा हात," ती म्हणाली.

"कुठला?"

"माझ्या खांद्यावरचा."

"तो आईच्या खांद्यावर आहे," भीमराज म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याला वाटलं, हे सहादेवला म्हणू द्यायला हवं होतं.

परतताना करंजी घाटात चहाला थांबले. चहा पिऊन झाला. पैसे देताना भीमराज म्हणाला, "चार वर्षांत ठेवला असंल की कधीतरी खांद्यावर हात."

"असेल," यशोधरा म्हणाली. "पुरावा नाही."

घरी भागिरथीबाई मेथी निवडत बसल्या होत्या. यशोधरा त्यांना आत्या म्हणे. "गावला का फोटू?" त्यांनी विचारलं. नाही म्हणायला हवं होतं, पण भीमराजनं फोन पुढं केला.

"ही मी," भागिरथीबाई म्हणाल्या.

"हो आत्या."

"लई चांगली आलीय." त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला. "मंग त्या अल्बमात कुठं गेले मी?"

यशोधरानं खाली बसून मेथीची एक जुडी ओढून घेतली.

"सहादेवनं पुसलं," भीमराज म्हणाला.

"पुसलं?"

"म्हणजे, कॉम्प्युटरवर."

भागिरथीबाईंनी फोन त्याला परत दिला. "मला वाटलं व्हतं, माझा फोटू बिगडला असंल. म्हनून कदी इचारलं न्हाई," त्या म्हणाल्या, आणि मेथीची पुढची काडी हातात घेतली.

त्यानंतर घरात भाकऱ्या वेळेवर झाल्या आणि बोलणं बंद झालं. दोघं गेल्यावर भागिरथीबाईंनी धाकट्या संदीपकडं राजूरला राहायचं ठरलेलं होतं. तो तिथल्या शाळेत शिक्षक होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची ट्रंक ओढून काढली. "मला आत्ताच सोडून ये," त्या भीमराजला म्हणाल्या. "हितं तर मी न्हाईच."

यशोधरानं मूळ फोटो आणि निवेदन पाठवून दिलं. पाठवताना तिला समजत होतं, की गणित आता दुसऱ्या बाजूनं चुकलंय. ते न्यूझीलंडला गेले नव्हते, हे सिद्ध झालं. पण नातं खरं असल्याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणून दिलेल्या फोटोत आता नवरा आईला धरून उभा होता आणि बायको तिसरीकडंच बघत होती.

कार्यालयालाही ते दिसलं असावं. गुरुवारी सकाळी साडेसातला दोघांची फोनवर वेगवेगळी मुलाखत होईल, एकाची चालू असताना दुसऱ्यानं खोलीत थांबू नये, असं कळवण्यात आलं.

गुरुवारी सात पंचवीसला नळाला पाणी आलं. ते एक दिवसाआड येई आणि वेळ सांगून येत नसे. भीमराज पाइप घेऊन बाहेर ड्रमकडं गेला आणि यशोधरा फोन घेऊन खाटेवर बसली. कोपऱ्यात भागिरथीबाई ट्रंक भरत होत्या. त्यांनी बाहेर जावं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

अधिकारी बाईंचा आवाज शांत होता. यशोधराला इंग्रजी येत होतं, त्यामुळे मध्ये कुणी नव्हतं.

"फोटोतल्या मधल्या बाई कोण?"

"माझ्या सासूबाई."

"त्या आधीच्या फोटोतून नाहीशा झाल्या आहेत, हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

"मागच्या रविवारी."

"फोटो चार वर्षांपूर्वीचा आहे."

"हो."

पलीकडं टाइप केल्याचा आवाज आला. "मूळ फोटोत तुम्ही पतीकडं बघत नाही, कॅमेऱ्याकडंही नाही. कुठं बघता आहात?"

यशोधराला दोन-तीन चांगली उत्तरं सुचली. पण प्रश्न सरळ होता, आणि तिला निरीक्षण जसं असेल तसं लिहायची सवय होती.

"जेवणाच्या पंगतीकडं," ती म्हणाली. "सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. बुंदी संपत आली होती."

"बुंदी म्हणजे?"

"गोड असते. बारीक, गोल."

"मग मिळाली का?"

"मिळाली. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी मांडवाच्या मागं बोलावून दिली. मला भूक लागलीय हे त्यांना कसं कळलं, ते माहीत नाही."

कोपऱ्यात ट्रंकेचं झाकण अर्धवट थांबलं. भागिरथीबाईंना इंग्रजी येत नव्हतं. बुंदी आणि आत्या एवढे दोन शब्द कळले होते.

यशोधरा बाहेर गेली, भीमराज ओल्या हातानं आत आला. त्याच्यासाठी दुभाषी जोडला होता. दुभाष्याचं मराठी कडक इस्त्रीचं होतं.

"त्या प्रसंगी आपल्या पत्नीची दृष्टी कोणत्या दिशेस होती?"

"आं?"

"पत्नी कुठे पाहत होत्या?"

"असं विचारा की. पंगतीकडं बघत होती. तिला भूक लागलेली."

"हे आपणास कसे ज्ञात झाले?"

"तिचं तोंड बघून. लग्न लागताना पण ती तिकडंच बघत होती."

दुभाष्यानं तिकडं सांगितलं. मग विचारलं, "आपला हात मातोश्रींच्या खांद्यावर का आहे?"

"खाली वाकून सांगत होतो तिला. म्हटलं, आई, हिच्यासाठी बुंदी काढून ठेव, नाहीतर पाहुणे संपवतील. मी नवरदेव, मी कसा जाणार आणायला?"

"दोन द्रोन काढली व्हती," कोपऱ्यातून भागिरथीबाई म्हणाल्या. "आन् एकच खाल्ला म्हनून हिनं सांगितलं आसंल, तर खोटं हाय. दोनी खाल्ले."

मग तिकडून काहीतरी विचारलं गेलं.

"हा तिसरा आवाज कोणाचा आहे?" दुभाष्यानं विचारलं.

भीमराजनं आईकडं पाहिलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मधल्या बाईंचा," तो म्हणाला.

दुभाष्यानं ते इंग्रजीत सांगितलं. तिकडचं टाइप करणं थांबलं, आणि बऱ्याच वेळानं पुन्हा सुरू झालं. यशोधरा दारात उभी होती. तिनं पाइप खाली सोडला होता, ड्रम भरून पाणी रस्त्यापर्यंत गेलं होतं, आणि शेजारची पुष्पावती पाणी वाया चालल्याचं तिसऱ्यांदा सांगत होती.

पुढच्या मंगळवारी व्हिसा आला. सोबतचं पत्र दोन ओळींचं होतं. त्यात फोटोचा, तळ्याचा किंवा बुंदीचा उल्लेख नव्हता.

कारण मात्र सगळ्या गल्लीला लगेच कळलं. "मला काढलं तवा अडला," भागिरथीबाई प्रत्येकीला सांगत होत्या, "आन् मला घातलं तवा सुटला." यशोधरानं यावर पुष्कळ विचार केला. दोन फोटोंत खरोखर एकच गोष्ट बदलली होती, आणि निकाल बदलला होता. वर्गात एखाद्या विद्यार्थ्यानं असा निष्कर्ष काढला असता, तर तिला गुण द्यावे लागले असते. ट्रंक पुन्हा खाटेखाली गेली.

निघायच्या आधीच्या रविवारी दारात मोटरसायकल थांबली. सहादेव उतरला. त्याच्या पाठीला कॅमेरा आणि काखेत गुंडाळलेला निळा पडदा होता.

"तुम्ही कसे?" यशोधरानं विचारलं.

"मावशींनी फोन केलता."

भागिरथीबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात भीमराजचे चार शर्ट आणि यशोधराच्या चार साड्या होत्या. "तुमी तीन वर्सं न्हाई," त्या म्हणाल्या. "तवर हितलं काय थांबतंय व्हय? संदीपचं लगीन करायचंय. जयंती हाय. पुष्पावतीच्या नातीचं बारसं हाय. फोटूत तुमी दिसाया पायजे. त्याला येतंय की घालता."

"आत्या, अहो पुन्हा कुणी विचारलं तर? तिकडं कामाला असताना आम्ही इथं लग्नात कसे?"

"मंग सांगायचं, आलो नव्हतो म्हनून. आता सवं झालीय की तुला."

यशोधराला एवढं दमल्यासारखं झालं की तिनं साडी घेतली.

पडदा भिंतीला खिळ्यांवर लागला. साखरपुड्याचा झाला, हळदीचा झाला, थंडीतला एक स्वेटर घालून झाला. भीमराजला घाम फुटला. "एक जरा पडल्या तोंडाचा काढ," भागिरथीबाई म्हणाल्या. "म्हातारी मान्सं लई झाल्यात भावकीत." त्यासाठी दोघांना वेगळं तोंड करावं लागलं नाही.

"आता लग्नाचा," सहादेव म्हणाला. "भाऊ, वहिनी, सरका जवळ."

दोघं सरकले.

"जवळ नगं," भागिरथीबाई म्हणाल्या. "व्हते तसंच ऱ्हावा. मदी माझी जागा सोडा."

"मावशी, मंग आत्ताच या की मदी. पुन्हा जोडायचं काम नगं."

"आत्ता न्हाई. मला त्या त्या टायमाला नवं लुगडं नेसायचंय."

दोघं लांब झाले. मध्ये एका माणसाची जागा राहिली. सहादेवनं कॅमेरा डोळ्याला लावला, आणि भीमराजनं आपोआप हात उचलून त्या मोकळ्या जागेत, बरोबर आईच्या खांद्याच्या उंचीवर, धरून ठेवला.